मुरायला वेळ लागतो

मैत्रिणींनो, बाटली आडवी करण्यासाठी दारोदार मतं मागत हिंडलेली मी आज वाइनवर लिहितेय, म्हणून दचकू नका. विषय पिण्याचा नाही, भेसळीचा आणि सबुरीचा आहे.

ऑस्ट्रियातल्या काही उत्पादकांनी हलकी वाइन गोड, दाट लागावी म्हणून तिच्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलं. १९८५ साली ते उघडकीस आलं. मग प्रामाणिक शेतकऱ्यांचाही माल कुणी घेईना. त्याच वर्षी तिथे कडक कायदा झाला.

त्याच देशात, हंगेरीच्या सीमेलगत बुर्गेनलँडमध्ये ब्लाउफ्रेंकिश हे काळं द्राक्ष पिकतं. त्याची कोवळी लाल वाइन आंबट नि तुरट, अगदी जीभ आवळणारी. तुरटपणा येतो सालीतल्या टॅनिनमुळे. जाणकार घोट तोंडात घोळवतात आणि फळाचा स्वाद, आंबटपणा, तुरटपणा यांचा मेळ आहे का ते बघतात. मेळ असेल तर बाटली थंड, अंधाऱ्या जागी ठेवतात, तीही आडवीच! उत्तम वाइन १०-१५ वर्षंही टिकते. टॅनिन हळूहळू गाळ होऊन तळाशी बसतं, चव मऊ होते. मुळात पाणचट असलेली वाइन मात्र ठेवून सुधारत नाही, बिघडतेच.

आमच्या बचत गटात परवा एकीनं सुचवलं, "ताई, लोणचं मुरेपर्यंत कशाला थांबायचं? रंग घालू, लगेच विकू." मला ऑस्ट्रियाच आठवला. नाव घालवायला एक हंगाम पुरतो, परत मिळवायला वर्षं जातात. लोणचं बरणीतच राहिलं. मुरू दे की!