चित्रकलेचा तास परत मागावा

परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला दिला जातो, आणि व्यापारी घरांतील पालकांनाही हा व्यवहार फायद्याचा वाटतो. आपली परंपरा मात्र वेगळे सांगते. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेव ब्राह्मीला लिपी व सुंदरीला अंक शिकवतात. पुत्रांना अर्थशास्त्राबरोबर संगीत आणि चित्रकलाही देतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही विविध विषय कलेच्या साहाय्याने शिकवण्यावर भर दिला आहे.

मंदिरात तांदळाचे स्वस्तिक काढणाऱ्या मुलाला वर्गात तेच कागदावर काढू द्यावे. पाव फेरा फिरवले तरी ते तसेच दिसते. मधोमध घडी घातली तर मात्र दोन्ही बाजू जुळत नाहीत. रांगोळीतील कमळाच्या जुळतात. सममितीची व्याख्या पाठ करण्याआधीच ती हाताला कळते. त्रितालाच्या 16 मात्रा टाळीवर मोजताना निम्म्या 8 आणि पाव 4 हे अपूर्णांकही उमगतात.

तेव्हा कलेची नोंद खर्चाच्या बाजूला करू नये. ते भांडवल आहे. पुढील पालकसभेत गुणांची चौकशी जरूर करावी, परंतु गेलेला तासही परत मागावा.