मोबाईल हिसकावाल, पण त्याच्या जागी काय द्याल?

दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली गावे ओस पडू लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा भागातल्या टोळ्या मुकादमाची उचल फेडायला साखर कारखान्यांची वाट धरतात. त्यांत आपलेही समाजबांधव आहेत. पहाटे आईबाप कोयता घेऊन फडात जातात. कोपीवर राहिलेल्या लेकराने विहिरीकडे, रस्त्याकडे जाऊ नये म्हणून त्याच्या हातात मोबाईल दिला जातो. शाळा गावाकडे राहिली, आजी गावाकडे राहिली. लेकरू सांभाळायला उरला तो मोबाईल!

म्हणूनच 'हल्लीच्या आईबापांना मुलांचे काही पडलेले नाही' असे कोणी म्हटले की आम्हाला संताप येतो. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा 'मोबाईल हीच शाळा' असे याच व्यवस्थेने सांगितले ना? गरिबांनी पोटाला चिमटा घेऊन फोन घेतले. पुढे शाळा उघडल्या, पण फोन मुलाच्या हातातच राहिला.

आता त्यावर धडा नाही, रील चालते. अर्ध्या मिनिटात एक संपते, बोट फिरवताच दुसरी येते. मूल जितका वेळ पाहील तितकी कंपनीची जाहिरातीची कमाई. ही सवय जडलेल्या मुलाला एक गणित सुटेपर्यंतही बसवत नाही. श्रीमंताच्या मुलाला शिकवणी आहे, स्वतंत्र खोली आहे. आपल्या मुलाचे अभ्यासातले लक्ष उडाले तर त्याच्या मागे दुसरे कोणते भांडवल आहे?

बाबासाहेब परळच्या चाळीत एका खोलीत शिकले. जागा अपुरी, म्हणून रामजी सुभेदार त्यांना लवकर झोपवत आणि रात्री दोन वाजता अभ्यासाला उठवत. मुलाच्या अभ्यासासाठी बापाने शांत वेळ राखून ठेवला होता.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये हेच केले. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद! आपल्या वस्त्यांत विहार आहे, समाजमंदिर आहे. वंदनेनंतर तासभर मुलांनी तेथे पुस्तक घेऊन बसावे, शिकलेल्या तरुणांनी त्यांना शिकवावे आणि मोठ्यांनीही तेवढा वेळ आपले मोबाईल बंद ठेवावेत.

मात्र फडावरच्या लेकरापर्यंत हा भोंगा पोहोचणार नाही. तेथे कायदाच न्यावा लागेल. घटनेचे कलम २१-अ सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ नुसार स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत प्रवेश मिळेल हे पाहणे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. तेव्हा हंगामी वसतिगृहे टोळ्या निघण्याआधी उघडली पाहिजेत आणि फडावर गेलेल्या मुलांना जवळच्या शाळेत घेतले पाहिजे. कार्यकर्त्यांनी गावोगाव मुलांच्या याद्या कराव्यात. अर्ज आम्ही लिहून देऊ.

मुलाच्या हातातला मोबाईल काढायचा तर त्या हातात आधी पुस्तक द्या!