वेग कोणाच्या मालकीचा?



आमच्या गटाच्या बैठकीच्या शेवटी एक फेरी होते. ‘या वर्षी मला स्वतःसाठी काय करायचे आहे’ ते प्रत्येकीने एका वाक्यात सांगायचे. कुणी दहावीचा फॉर्म भरणार असते, कुणी शिलाई मशीन घेणार असते, कुणाला घराच्या कागदावर आपले नाव हवे असते. मागच्या फेरीत चिकलठाण्याच्या बाजूने येणारी एक बावीस वर्षांची मुलगी म्हणाली, “मला ड्रॅग रेसला उतरायचंय. आमची ऑक्टाव्हिया आरएस घेऊन.”

आधी शांतता पसरली, मग हसू फुटले. एक ज्येष्ठ कार्यकर्ती समजुतीच्या सुरात म्हणाली, “अगं, इथं बायकांना रेशन मिळेना, अन् तुला गाड्या पळवायच्यात?” मुलगी गप्प बसली. मीही गप्प बसले. हा लेख त्या गप्प बसण्याची भरपाई म्हणून लिहिते आहे.

या मुलीच्या वडिलांचे गॅरेज आहे. चौदाव्या वर्षापासून ती तिथे पाने आणि जॅक हाताळते. एका गिऱ्हाइकाने बिलापोटी सोडून दिलेली ही जुनी गाडी तिने आणि वडिलांनी मिळून उभी केली. ती घेऊन भाऊ दोनदा शर्यतीला गेला. क्लचप्लेट हिने बदलली, टायरमधली हवा हिने ठरवली, ट्रॉफीसोबत फोटो भावाचा निघाला. गेल्या वर्षी हिने स्वतःचे नाव नोंदवायला फोन केला. “ड्रायव्हरचं नाव सांगा.” “मीच.” पलीकडचा माणूस म्हणाला, “घरातल्या कुणाला तरी फोन द्या.” तिच्याकडे वाहन चालवण्याचा परवाना होता, तिचे वय कायद्याने पुरेसे होते. तरीही ‘घरातले कुणीतरी’ लागले. बँकेत, दवाखान्यात, पोलीस ठाण्यात आपण जे वाक्य ऐकत आलो तेच हे वाक्य.

ड्रॅग रेस म्हणजे काय, हे आपल्यापैकी बहुतेकींना ठाऊक नाही. मलाही नव्हते. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करतात. समोर सरळ, बंदिस्त पट्टी, पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटर. मध्ये दिव्यांचा खांब असतो. पिवळे दिवे लागतात, मग हिरवा. हिरव्याआधी गाडी सुटली की लाल दिवा आणि तुम्ही बाद. जी आधी पोचेल ती जिंकली. हिरवा दिवा दिसल्यापासून गाडी सुटेपर्यंत तुम्ही किती वेळ घेतला तेही यंत्र मोजते. त्यामुळे जोरकस गाडीतला बेसावध माणूस कमी ताकदीच्या गाडीतल्या सावध माणसाकडून हरू शकतो.

गिअरची गाडी असेल तर सारी कला डाव्या पायात असते. इंजिनाचे फेरे नेमक्या आकड्यावर धरायचे आणि क्लच सोडायचा. फार झटकन सोडला तर चाके जागच्या जागी फिरतात आणि टायर जळतो. फार हळू सोडला तर क्लचप्लेट जळते आणि शर्यतही जाते. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना घाईत पहिला पडला तर इंजिनच निकामी होऊ शकते. हे सगळे काही सेकंदांत करायचे. कान लागतो, पाय लागतो, सराव लागतो. यात मिशीचा संबंध कुठे येतो?

पण संबंध जोडला जातो, आणि तो जोडण्यात पैसा आहे. बजाजने २००१ मध्ये पल्सर बाजारात आणली तेव्हा जाहिरातीत अभिमानाने सांगितले की ही गाडी नक्कीच ‘मेल’ आहे. त्याच बजाजचा कारखाना आपल्या वाळूजला आहे. इंजिनाला लिंग चिकटवायचे आणि मग मुलींना सांगायचे की ही तुमची नव्हे. बाईला गाडी घ्यायची असली की विक्रेता लगेच म्हणतो, “मॅडमसाठी ऑटोमॅटिक बघा.” गिअर म्हणजे मर्दाचे काम! गंमत पाहा. ऑक्टाव्हिया आरएस २००४ मध्ये भारतात आली तेव्हा १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ती आणि हाताने टाकायचे पाच गिअर घेऊन आली. २०१७ मध्ये तिची नवी, अधिक ताकदवान आवृत्ती आली ती फक्त ऑटोमॅटिक. यंत्र माणसाच्या हातापेक्षा लवकर गिअर बदलते म्हणून. तेव्हा कुणीच म्हणाले नाही की पुरुषांना गिअर झेपेनासे झाले!

आणि ही स्कोडा काही परक्या गावची नाही. शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून ऑक्टाव्हिया जुळवली जाऊ लागली. या शहराची ओळखच गाड्यांवर उभी आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील लहानमोठ्या कारखान्यांत सुटे भाग तपासणाऱ्या, वायरिंग गुंफणाऱ्या, डबे भरणाऱ्या बायका आपल्या गटांत आहेत. गाडी बनवताना बाईचा हात चालतो. स्टिअरिंगवर तोच हात आला की लोकांना धडकी भरते.

आता आपल्याच मैत्रिणींच्या आक्षेपाकडे येते, कारण तो खरा आहे. ‘हे श्रीमंतांचे चोचले आहेत.’ आहेतच. ऑक्टोबर २०१० मध्ये याच शहरातील बड्या मंडळींनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज गाड्या एकदम घेतल्या. सौदा सुमारे ६५ कोटींचा होता आणि त्यातला मोठा वाटा सार्वजनिक क्षेत्रातील बँकेने ७ टक्के व्याजाने दिला. शहराची पाठ थोपटली गेली. पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हाच दाखवून दिले की याच जिल्ह्यात ट्रॅक्टरच्या कर्जावर शेतकऱ्याला याहून कितीतरी जास्त व्याज भरावे लागते. मराठवाड्यात चाकांचे राजकारण असे आहे. ते विसरून वेगाचे गोडवे गायला मी बसलेली नाही.

पण म्हणून वेग, यंत्र आणि त्यातला आनंद त्यांनाच देऊन टाकायचा? तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेत हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. तेव्हाही त्यांची टवाळी झाली, शेरेबाजी झाली. सायकलीने पोट भरते का, असे विचारणाऱ्यांना त्या बायकांनी पाणी आणून, माल विकून, मुले शाळेत सोडून उत्तर दिले. आणि त्याहून मोठे उत्तर म्हणजे, कुणाची वाट न पाहता त्या निघू लागल्या. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळाल्या तेव्हा आपणच स्वागत केले. मग सायकल ही मुक्ती आणि इंजिन आले की चंगळ, ही रेघ कोणी ओढली? गरज तेवढी बाईची आणि हौस पुरुषाची, ही वाटणी तर आपण स्वयंपाकघरातच मोडायला निघालो होतो.

दुसरा आक्षेप असा की ही पुरुषांची नक्कल आहे. इथे नीट फरक करू या. रात्री जालना रोडवर सायलेन्सर काढून मोटारसायकली पळवणारी पोरे जे करतात ते प्रदर्शन आहे. त्याला प्रेक्षक लागतात, घाबरणारी माणसे लागतात. बीड बायपास ओलांडणाऱ्या म्हातारीच्या जिवावर ती मर्दानगी उभी असते. पट्टीवर याच्या उलट आहे. गाडीची आधी तपासणी होते, हेल्मेट लागते, रुग्णवाहिका उभी असते, समोरून कुणी येत नसते, आणि हिरव्याआधी सुटलेला बाद होतो. रस्त्यावरच्या पोराला ‘बाद’ म्हणणारे कोणी नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ आहे. रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक जबाबदार. आणि व्यवहारात? पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे अल्पवयीन मुलाच्या हातातल्या पोर्शेने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्याला जामीन देताना बाल न्याय मंडळाने ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितले.

त्याच वर्षी, पावसाळ्याच्या तोंडी, आपल्या जिल्ह्यातल्या एका डोंगरावर गाडी शिकू पाहणारी एक तरुणी मागे जाता जाता गाडीसकट दरीत गेली. समोर मोबाइलवर चित्रण चालू होते. ते चित्रण घरोघर फिरले आणि त्याखाली लोक हसले. ‘बायकांचं ड्रायव्हिंग!’ पुरुषाचा वेग दुसऱ्याला मारतो तेव्हा त्याच्या भविष्याची काळजी वाहिली जाते. बाईची चूक तिलाच मारते तेव्हा विनोद होतो. तिला सपाट, सुरक्षित मैदान का मिळाले नाही? शेजारी शिकवणारे जबाबदार माणूस का नव्हते? हे कुणी विचारले नाही. मुली शिकणारच आहेत. प्रश्न एवढाच की त्या कड्यावर शिकतील की मैदानावर.

मैदान मिळाले की काय होते ते दिसले आहे. अमेरिकेत शर्ली मल्डाउनी या बाईचे सोळाव्या वर्षी लग्न झाले. सोळाव्या वर्षाचे लग्न मराठवाड्याला नवे नाही. १९६५ मध्ये तिने ड्रॅग रेसचा परवाना मिळवला आणि १९७३ मध्ये सर्वांत वेगवान, टॉप फ्युएल गटाचा. तो मिळवणारी ती पहिली स्त्री. १९७७, १९८० आणि १९८२ अशी तीनदा ती त्या गटाची राष्ट्रीय विजेती झाली, पुरुषांच्याच रांगेत उभी राहून. १९८४च्या अपघातात पाय चिरडले, तरी पुन्हा परतली. आपल्याकडे पुण्याच्या डायना पंडोल यांनी २०२४ मध्ये कार शर्यतीचे राष्ट्रीय विजेतेपद पुरुषांसोबतच्या गटात मिळवले. अशी कामगिरी करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री, आणि दोन मुलांच्या आई. त्यांची शर्यत वळणांच्या रिंगणातली, पण मुद्दा तोच. आणि साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८०च्या दशकाच्या अखेरीस रेल्वेत आल्या, डेक्कन क्वीन आणि वंदे भारत चालवून २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. त्यांच्या इंजिनाने कधी विचारले नाही की चालक कोण आहे.

या खेळातली एक रीत तर आपल्या चळवळीने आवर्जून समजून घ्यावी अशी आहे. ‘ब्रॅकेट रेसिंग’ या प्रकारात दोन असमान गाड्या समोरासमोर आल्या तर कमी ताकदीच्या गाडीला हिरवा दिवा आधी मिळतो. किती आधी, ते दोन्ही गाड्यांच्या ठरलेल्या वेळेवरून काढतात. कुणी त्याला भीक म्हणत नाही, गुणवत्तेचा खून म्हणत नाही. उलट तिथले जाणकार सांगतात की अशाच शर्यतीत चालवणाऱ्याचे खरे कसब दिसते. आरक्षणाच्या नावाने नाके मुरडणाऱ्या मोटारशौकिनांनी आपल्याच खेळाचा हा नियम एकदा वाचावा.

तेव्हा मागण्या मांडते. त्यांवर गटागटांत चर्चा व्हावी.

१. जिल्ह्यात मुलींना व स्त्रियांना गाडी शिकण्यासाठी आठवड्यातून ठरावीक वेळ बंदिस्त, सपाट मैदान मिळावे. शिकवायला स्त्री प्रशिक्षक असाव्यात आणि गाडी गिअरची असावी.

२. शर्यतींच्या आयोजकांनी सज्ञान, परवानाधारक स्त्रीची नोंदणी तिच्या स्वतःच्या सहीने करावी. बापाची, नवऱ्याची, भावाची सही मागू नये.

३. रस्त्यावरच्या शर्यतींवर कलम १८९ आणि १९९-अ खाली गुन्हे नोंदवावेत, मग पोरगा कुणाचाही असो.

४. आणि आपल्यासाठी : पुढच्या शिबिरात एक सत्र बॉनेट उघडून घ्यावे. आपल्यापैकी किती जणींना स्टेपनी बदलता येते, किती जणींच्या नावावर गाडी आहे, याची फेरी घ्यावी. आकडे आपल्यालाच बोलतील.

राज्यात अशी शर्यत लोणावळ्यापलीकडे अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरत आली आहे. इथून जवळजवळ तीनशे किलोमीटर. पुढच्या वेळी ही मुलगी स्वतःच्या नावाने अर्ज भरणार आहे. वडील तयार आहेत, भाऊ धुसफुसतो आहे, आई म्हणते की आधी लग्न होऊ दे. आमच्या गटातल्या सात जणींनी ठरवले आहे की तिच्यासोबत जायचे. ज्येष्ठ कार्यकर्तीही त्यात आहे. ती म्हणाली, “मला त्यातलं काही कळत नाही. पण तिला कुणी ‘घरातल्या कुणाला तरी बोलवा’ म्हणालं, तर मी पुढं होईन.”

ती हरेल की जिंकेल ते ४०२ मीटरची पट्टी ठरवील. उतरायचे की नाही ते मात्र तिचे तिने ठरवायचे आहे. आपण आधी हसलो होतो. आता निदान तिची वाट तरी अडवू नये.