आमचे येथे घरगुती गाणी

‘घरगुती’ या शब्दाची मराठी मुलखात मोठी विचित्र गत आहे. लोणच्याच्या बरणीवर ‘घरगुती’ अशी चिठ्ठी चिकटवली की भाव वाढतो. मसाला घरगुती, पापड घरगुती, आणि ‘घरगुती जेवण’ अशी पाटी दिसली की बायकोशी भांडून बाहेर पडलेला माणूससुद्धा आत शिरतो. दिवाळीत ताटातली चकली जरा वाकडी निघाली तर पाहुणे कौतुकानं म्हणतात, “घरची दिसतेय!” यंत्रासारखी गोल निघाली तर संशयानं बघतात. पण हाच शब्द एकदा गाण्याला लावून पाहा. “मी घरीच गाणी करतो” असं म्हटल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो, तो मी एरवी फक्त “आमचा मुलगा सध्या घरीच असतो” या वाक्यानंतर पाहिलेला आहे.

मी घरी गाणी करतो. शब्द माझे, चाल माझी, गळा माझा (याला इलाज नाही), ध्वनिमुद्रण फोनवर आणि श्रोते एकूण साडेतीन. त्यातले अर्धे म्हणजे पेपर वाचता वाचता ऐकणारे आमचे मेव्हणे. असे गृहस्थ आणि गृहिणी गावोगाव आहेत. कुणी बँकेत आहे, कुणी शाळेत, कुणी निवृत्त होऊन पेटी घेऊन बसलंय. ही सगळी मंडळी दार लावून, चोरून केल्यासारखी गाणी करतात. त्या सर्वांचं वकीलपत्र मी आज स्वखुशीनं आणि विनामूल्य घेतलं आहे.

विरुद्ध पक्षाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “छान आहे हो! पण पुढं काय?” दुसरा त्याचाच धाकटा भाऊ : “मग हे कुठं देणार?” जसं काही गाणं उपवर झालंय आणि आता त्याला कुठंतरी देऊन मोकळं व्हायचंय. रोज सकाळी टेकडीवर फिरायला जाणाऱ्याला कुणी विचारत नाही, “ऑलिंपिकला कधी?” बाल्कनीत जास्वंद लावणाऱ्या वहिनींना कुणी म्हणत नाही, “नर्सरी केव्हा काढताय?” शब्दकोडं सोडवणारा माणूस तर आयुष्यभर आडवे-उभे शब्द भरतो आणि तो कागद शेवटी रद्दीत जातो, तरी त्याच्या आयुष्याचं पुढं काय, ही काळजी कुणाला पडत नाही. गाण्याला मात्र स्पर्धा हवी, परीक्षक हवेत, निदान हजारभर अंगठे तरी हवेत. ते नसले तर हा मनुष्य आपला वेळ फुकट घालवतोय आणि शेजाऱ्यांची झोपही, असा निकाल लागतो.

माझं म्हणणं असं आहे, की गाणं हा मुळातच घरगुती पदार्थ आहे. तो दुकानात गेला अलीकडे.

महाराष्ट्राचंच घ्या. या भूमीत सर्वांत जास्त गाणी कुठं झाली असतील तर ती जात्यावर. पहाटे उठून दळणाऱ्या बायकांनी शब्द जुळवले, चाल लावली, गायल्या आणि पिठाबरोबर भाकरीही करून मोकळ्या झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून या ओव्या गोळा केल्या, तेव्हा त्यांची संख्या १ लाखाच्या वर गेली. आणि हे फक्त हाती लागलेलं. दळण संपल्यावर हवेत विरलं त्याचा हिशेब कोण ठेवणार? त्या बायांपैकी एकीलाही “पुढं काय?” असं कुणी विचारलं नसेल, कारण पुढं काय ते सर्वांना ठाऊक होतं : पुढची ओवी आणि पुढची मूठ.

बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) तर लिहितावाचता येत नव्हतं. शेतात, घरात, जात्यावर काम करता करता त्या गाणी रचत. ती सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावानं उतरवून घेतली म्हणून राहिली. आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं पुस्तक निघालं १९५२ साली, म्हणजे बाई गेल्यानंतर. आज आपण ते पाठ्यपुस्तकात वाचतो आणि मान डोलावतो. पण असोद्याच्या त्या लेकीला त्या काळात आमच्या मेव्हण्यांसारखा कुणी हितचिंतक भेटता आणि म्हणता, “बाई, छान आहे, पण दर्जा व्यावसायिक वाटत नाही,” तर काय झालं असतं? काही झालं नसतं. बाईंनी त्याच्यावर एक गाणं केलं असतं आणि आपण तेही वाचलं असतं.

मग हे ‘गाणारे’ आणि ‘ऐकणारे’ असे दोन तट पडले कधी? दरबारी गवई पूर्वीही होते, नाही कोण म्हणतो? पण गवई दरबारात गायचा म्हणून स्वयंपाकघरातली आजी कधी गप्प बसली नाही. तिला गप्प बसवलं यंत्रानं. १९०२ साली कलकत्त्याला गौहर जान भोंग्यापुढं उभी राहून गायली आणि शेवटी तिनं इंग्रजीत आपलं नाव सांगितलं, कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला आणि तिथल्या लोकांना कोण गातंय ते कळायला हवं होतं. तासभर फुलणारी चीज तीनेक मिनिटांत बसवावी लागे, कारण तबकडीची एक बाजू तेवढ्यात संपे. तिनं ती बसवली, आणि काय बसवली! पण यंत्र कंपनीचं, खर्च कंपनीचा, म्हणून कुणी गायचं हे ठरवणंही हळूहळू कंपनीकडे गेलं. घरात भोंगा आला आणि घरातला गळा बिचकला. एवढं चांगलं गाणारं कुणी कपाटावर बसलेलं असताना आपण कशाला तोंड उघडा?

ते यंत्र आपल्या हातात यायला पुढं बरीच वर्षं लागली. १९६३ साली फिलिप्सची कॅसेट आली. १९७९ मध्ये टॅस्कॅमनं त्याच कॅसेटवर चार पट्ट्या वेगवेगळ्या भरता येतील असं टेबलावर मावणारं यंत्र काढलं. त्या यंत्रावर १९८२ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या न्यू जर्सीत ब्रूस स्प्रिंगस्टीन नावाचा गायक आपल्या घरी बसला आणि नव्या गाण्यांचे कच्चे खर्डे भरून ठेवले. पुढं वाद्यवृंद घेऊन स्टुडिओत तीच गाणी पुन्हा केली, पण घरातली ती गोष्ट काही तिथं येईना. शेवटी ती घरची कॅसेटच ‘नेब्रास्का’ या नावानं बाजारात आली. तो मनुष्य मोठा व्यावसायिक, त्याला आमच्या पंगतीत बसवण्याचा माझा विचार नाही. पण सगळी फौज हाताशी असताना ज्याला स्वयंपाकघरातली चव स्टुडिओत सापडली नाही, त्याची साक्ष कोर्टानं नोंदवून घ्यावी.

आता तर प्रत्येकाच्या खिशात स्टुडिओ आहे. ‘ऑडॅसिटी’सारखी सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. तेव्हा विरुद्ध पक्ष दुसरा बाण काढतो : “पण दर्जाचं काय?”

दर्जासाठी आम्ही काय काय करतो हे या लोकांनी एकदा येऊन पाहावं. भिंतींवरून आवाज परततो आणि गाणं न्हाणीघरात गायल्यासारखं वाटतं, म्हणून मी कपड्यांच्या कपाटाचं दार उघडून आत तोंड घालून गातो. साड्या आणि गोधड्या आवाज शोषून घेतात. (या अवस्थेत मोलकरणीनं मला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती आमच्या सौ.ना हळूच विचारून गेली, “साहेबांना बरं नाही का?”) ‘प’, ‘फ’ आणि ‘भ’ ही अक्षरं माइकवर फुंकर मारतात, म्हणून भरतकामाच्या रिंगेवर जुनी ओढणी ताणून मधे धरायची. पंखा बंद. फ्रीज बंद, आणि नंतर तो चालू करायची आठवण. ब्लूटूथचे इअरफोन काढून वायरवाले लावायचे, कारण बिनतारी ठेका कानात पोचेपर्यंत सम निघून गेलेली असते. एवढं करूनही वायरीतून एक बारीक घूं येतेच. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाते, त्यामुळं ती घूं पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधे कुठंतरी लागते. विजेचा हा तानपुरा जगात कुठल्याच पेटीशी जुळत नाही.

मग गायला सुरुवात. पहिल्या खेपेला भंगारवाला. दुसऱ्या खेपेला वरच्या मजल्यावरचा मिक्सर. तिसऱ्या खेपेला कुकरची शिट्टी, ती मात्र बरोबर सुरात. सातव्या खेपेला सगळं जमतं आणि शेवटच्या ओळीला दाराची घंटा वाजते. “वर्गणी!”

आणि मग स्वतःचा आवाज ऐकायचा. बोलताना-गाताना आपला आवाज आपल्याला हवेतून येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, म्हणून तो आतून भारदस्त वाटतो. यंत्राला आपली हाडं नसतात. ते जगाला ऐकू येतो तसा आवाज समोर ठेवतं. इतकं खरं बोलणारा नातेवाईक मला आजवर भेटलेला नाही. आपला षड्ज जिथं लागतोय असं वाटत होतं, तिथून तो दोन घरं अलीकडे राहतो, हे तेव्हा कळतं. एक ओळ चाळीस वेळा गाऊन एकेचाळिसाव्यांदा बरी लागली की रेडिओवरचा साधा भावगीत-गायकसुद्धा केवढा डोंगर चढून गेलाय याचा अंदाज येतो. म्हणून सांगतो, घरी गाणारा मनुष्य हा व्यावसायिकांचा शत्रू नाही, त्यांचा सर्वांत जाणता श्रोता आहे. भजी तळताना हात भाजलेल्यालाच आचाऱ्याची खरी किंमत.

तिसरा बाण अगदी ताजा आहे. “मामा, एवढी खटपट कशाला? आता यंत्रच करतं की!” हे आमचे भाचे. त्यांनी आजोबांच्या पंचाहत्तरीला फोनवर दोन वाक्यं टंकली आणि मिनिटभरात गाणं तयार. व्हायोलिनं काय, कोरस काय, गळा तर असा की कुणाचाच नसेल. खरोखरच कुणाचा नव्हता. त्या गाण्यात आजोबा सह्याद्रीचा कडा होते, सागराची गाज होते, दीपस्तंभ होते. आजोबांनी ऐकून विचारलं, “कुणाबद्दल आहे रे हे?” मग त्यांच्या थोरल्या लेकीनं स्वतः केलेलं गाणं पेटीवर म्हटलं. चाल ओळखीची, दोन ठिकाणी सूर हलला. पण त्या गाण्यात मिठाईच्या खोक्याचे रबरबँड मनगटाला लावून ठेवणारा, पिशव्यांच्या घड्या घालून गादीखाली ठेवणारा आणि लेकीची गाडी दिसेनाशी होईपर्यंत फलाटावर उगाच रागावल्यासारखा उभा राहणारा एक बाप होता. म्हातारा हसला, आणि मग चष्मा पुसायला आत गेला. यंत्राचं गाणं कुणालाही चालतं. घरच्या गाण्यावर पत्ता लिहिलेला असतो.

माझ्याकडे एक गाणं आहे. २०१६ सालचं. दुसऱ्या अंतऱ्यात, ऐन समेवर, आतून आईचा आवाज येतो : “दूध बघ रे, उतू जाईल!” आई २०१९ मध्ये गेली. हल्ली पार्श्वभूमीतले आवाज पुसून टाकायची सोय निघाली आहे. भाचा म्हणाला, “मामा, एका क्लिकमध्ये साफ करून देतो.” मी म्हटलं, “माझा गळा साफ होत असेल तर कर बाबा. दुधाला हात लावू नकोस.” दर्जा दर्जा म्हणणाऱ्यांनी मला एवढंच सांगावं, की त्या गाण्यातला सर्वांत उत्तम सूर कुठला?

वकील झालो म्हणून अशिलाचे गुन्हे मी झाकणार नाही. पहाटे पाच वाजता सतरा गटांवर स्वतःचं गाणं धाडणारे आमच्यात आहेत. चहाला बोलावून दार लावून घेणारे आहेत. गाणं संपल्यावर “कसं वाटलं, खरं सांगा” म्हणणारे आणि खरं सांगितल्यावर दोन वर्षं न बोलणारेही आहेत. गाणं करण्याचा हक्क हा जन्मसिद्ध असेल, ऐकवण्याचा नव्हे. लोणचं कितीही घरगुती असलं तरी आपण ते पाहुण्याच्या तोंडात कोंबत नाही. ताटात डाव्या बाजूला, थोडंसं वाढतो. ज्याला हवं तो बोट लावील. आवडलं तर मागून घेईल. गाण्याचा शिष्टाचार यापेक्षा वेगळा नाही.

राहता राहिला ‘हौशी’ हा शब्द. आपलं सरकारही हौशी नाट्यस्पर्धा भरवतं आणि त्या शब्दाची कुणाला लाज वाटत नाही. “हौसेला मोल नाही” ही म्हण तर आपण साडी घेताना, घर बांधताना आणि लग्नात बँड लावताना हमखास वापरतो. तीच म्हण कपाटात तोंड घालून गाणाऱ्या माणसालाही लागू व्हावी, एवढीच आमची मागणी आहे.

आणि तरीही कुणी विचारलंच, “पुढं काय?”, तर माझ्या तमाम अशिलांनी घाबरून जाऊ नये. शांतपणे पंखा बंद करावा आणि सांगावं, “पुढं दुसरा अंतरा.”