उणे तीस अंशांतले खुराडे

कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात आणि अमेरिकेच्या मिनेसोटा, व्हरमाँट यांसारख्या उत्तरेकडील राज्यांत घरामागच्या अंगणात चार-सहा कोंबड्या पाळणारी पुष्कळ कुटुंबे आहेत आणि हिवाळा तोंडावर आला की त्यांतल्या नवख्यांना एकच धास्ती लागते, ती म्हणजे एवढ्या थंडीत ही पाखरे जगणार कशी. ही धास्ती अगदीच अनाठायी नाही. मिनेसोटातील टॉवर या गावाजवळ २ फेब्रुवारी १९९६ रोजी पारा उणे ५१ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता आणि उणे २५-३० अंशांच्या रात्रींचे तर त्या पट्ट्यात कोणाला नवल वाटत नाही. तरीही पूर्ण वाढ झालेली, पोटभर खाणारी धडधाकट कोंबडी कोरड्या थंडीने सहसा मरत नाही. तिला बाधते ती ओल, आणि ही ओल बहुतेक वेळा पाळणाऱ्याने मायेपोटीच खुराड्यात कोंडून ठेवलेली असते.

कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंशांच्या आसपास, म्हणजे माणसाला कडक ताप वाटावा इतके असते आणि ते टिकवण्याची सोय तिच्या अंगावरच असते. वरच्या चिवट पिसांखाली बारीक मऊ पिसांचा थर असतो. थंडी वाजली की पक्षी अंग फुलवतो, या थरात हवा अडकते आणि स्थिर हवा उष्णतेची मंदवाहक असल्याने आतली ऊब आत राहते. उघड्या पायांची व्यवस्था याहून चतुर आहे. पायाकडे गरम रक्त नेणाऱ्या धमन्या आणि पायाकडून गार रक्त परत आणणाऱ्या शिरा एकमेकींना चिकटून जात असल्यामुळे उष्णता वाटेतच धमनीतून शिरेत उतरते. पाऊल गार राहते, पण धड गार पडत नाही. शास्त्रात याला प्रतिप्रवाही उष्णताविनिमय म्हणतात. बर्फावर एक पाय पोटाशी घेऊन उभी असलेली कोंबडी पाहून हळहळणाऱ्याने ही रचना लक्षात घेतलेली बरी.

या शरीरातला खरा कच्चा दुवा म्हणजे तुरा आणि चोचीखाली लोंबणाऱ्या तांबड्या पाळ्या. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज असलेला तांबडा रानकोंबडा हा दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या उष्ण जंगलांतला पक्षी. तिथे रक्ताने भरलेला, पिसे नसलेला तुरा अंगातली उष्णता बाहेर टाकण्याच्या कामी येतो आणि तोच अवयव उणे तापमानात ओझे ठरतो. इटलीतून पसरलेल्या लेगहॉर्न जातीचा उंच, दातेरी तुरा उत्तरेकडच्या हिवाळ्यात वारंवार गोठतो. क्यूबेकमधील ओका येथे ट्रॅपिस्ट पंथाचा, म्हणजे मौन आणि अंगमेहनत यांना सारखेच महत्त्व देणाऱ्या कॅथलिक संन्याशांचा मठ होता, आणि तिथल्या ब्रदर विल्फ्रिड यांनी १९०८ मध्ये या अडचणीवर काम सुरू केले. डार्क कॉर्निश, व्हाइट लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड, व्हाइट वायनडॉट आणि व्हाइट प्लिमथ रॉक अशा पाच जातींचा टप्प्याटप्प्याने संकर करून त्यांनी शाँतक्लेर ही पांढरी, भरीव अंगाची जात तयार केली. ती १९१८ मध्ये लोकांसमोर आली आणि १९२१ मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने तिला प्रमाणित जातींत स्थान दिले. डोक्याला चिकटलेला, गादीच्या गाठीएवढा तुरा आणि नावापुरत्या पाळ्या ही तिची ओळख. अशा डोक्यावर गोठण्यासारखे फारसे काही उरतच नाही. यातली आखूड तुऱ्याची कॉर्निश इंग्लंडात एकेकाळी ‘इंडियन गेम’ म्हणून ओळखली जाई, कारण भारतातल्या झुंजीच्या असील कोंबड्यांच्या संकरातून ती निपजली होती. तेव्हा कॅनडाच्या या बर्फातल्या कोंबडीच्या वंशावळीत असीलचेही रक्त आहे.

ज्यांच्याकडे अशी जात नाही, त्यांनी ओलीचा हिशेब मांडला पाहिजे. सहा कोंबड्या दिवसाकाठी सव्वा ते दीड लिटर पाणी पितात. अंड्यांत जाते तेवढे सोडले तर ते सगळे श्वासावाटे आणि विष्ठेवाटे बाहेर पडते आणि ताज्या विष्ठेत सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते. हवा जितकी गार, तितके तिच्यात बाष्प कमी मावते. २० अंश तापमानाला एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प राहू शकते, तर उणे २० अंशांना जेमतेम १ ग्रॅम. म्हणून फटी बुजवून, खिडकीवर प्लास्टिक ठोकून, वरून ताडपत्री घालून बंद केलेल्या खुराड्यात रात्रभर साचलेले बाष्प पहाटेपर्यंत प्रत्येक गार पृष्ठभागावर बसते. काचेवर हिमाची नक्षी उमटते, फळ्यांच्या सांध्यांवर पांढरी बुरशीसारखी लव दिसते आणि छपरातून आत आलेल्या खिळ्यांच्या प्रत्येक टोकावर हिमाचा एकेक मणी धरलेला असतो. दुपारी ऊन पडले की हेच मणी वितळून खालच्या भुशावर ठिबकतात. खुराड्याची तब्येत पाहायची तर तापमापकापेक्षा हे खिळेच खरे सांगतात.

तुऱ्यावर हीच ओल बसली आणि रात्री गोठली की हिमदंश होतो, म्हणजे पेशींतले पाणी गोठून आणि रक्तपुरवठा तुटून तो भाग मरतो. टोके आधी फिकट, राखाडी पडतात, मग काळी होऊन काही आठवड्यांनी गळून जातात. कोंबड्याचा तुरा मोठा असल्याने त्याला हा त्रास अधिक. अशा वेळी तुरा चोळू नये, कारण चोळल्याने आधीच दुखावलेल्या पेशी फाटतात. पक्ष्याला सौम्य उबेच्या कोरड्या जागी न्यावे आणि काळी टोके कापायची घाई करू नये. तुऱ्याला पेट्रोलियम जेली चोपडण्याची चाल सर्वत्र आहे. तिचा फायदा शंकास्पद आहे आणि ओले खुराडे त्या लेपाने कोरडे होत नाही, हे तर उघडच आहे.

उपाय ऐकायला उलटा वाटतो: खुराडे उघडे ठेवावे. मात्र कुठे उघडे, याला महत्त्व आहे. झरोका आणि झोत यांत फरक करावा लागतो. वळचणीखाली, बसलेल्या पक्ष्यांच्या डोक्यांच्या बऱ्याच वर ठेवलेले झरोके दमट गरम हवेला वाट देतात. बसण्याच्या उंचीवर आत घुसणारा वारा मात्र फुललेली पिसे विस्कटून त्यांतली ऊब उडवतो, म्हणून तिथल्या फटी बुजवायच्या. झरोक्यांना सुमारे १२ मिलिमीटर छिद्रांची वेल्ड केलेली जाळी लागते, कारण त्या देशांतले वीझल, म्हणजे मुंगसासारखे लांबट अंगाचे शिकारी जनावर, याहून थोड्याशा मोठ्या भोकातूनही आत येते. प्रिन्स वुड्स यांनी तर १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मॉडर्न फ्रेश-एअर पोल्ट्री हाउसेस’ या पुस्तकात दर्शनी बाजूला भिंतीऐवजी जाळीच असलेल्या खोल खुराड्यांचा जोरदार पुरस्कार केला होता.

झोपण्याच्या दांड्याचीही काळजी घ्यावी लागते. गोल, बारीक दांड्यावर बोटे वळून उघडी पडतात. त्याऐवजी नऊ-दहा सेंटिमीटर रुंदीची फळी आडवी ठेवली तर कोंबडी पाय पोटाखाली घेऊन बसते आणि बोटे पिसांनी झाकली जातात. जमिनीवर महाराष्ट्रातल्या पोल्ट्रीवाल्यांच्या परिचयाची गादी पद्धत वापरता येते: लाकडाचा भुसा किंवा पेंढा वीतभर जाडीत अंथरायचा, तो न काढता वर नवा थर घालत जायचा आणि अधूनमधून खालीवर करायचा, म्हणजे विष्ठा त्यात मिसळून हळूहळू कुजते. ओहायोच्या कृषी संशोधन केंद्रात १९४० च्या दशकात या साचवलेल्या गादीवर बरेच प्रयोग झाले होते. कुजण्याने निघणाऱ्या उबेचे कौतुक मात्र जरा वाढवूनच सांगितले जाते; गादीचे मोठे काम ओल शोषण्याचे आहे. खाली वाकल्यावर अमोनियाचा वास नाकाला झोंबला, तर गादी ओली आहे आणि झरोके अपुरे आहेत असे समजावे.

याउलट, सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत घातक उपाय म्हणजे २५० वॅटचा तांबडा दिवा. पिसे न फुटलेल्या पिलांना ब्रूडरमध्ये, म्हणजे पिलांना ऊब देणाऱ्या पेटीत, पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंशांची ऊब लागते, हे खरे. मोठ्या कोंबडीला तिची गरज नसते. कोरडा भुसा, हवेतली बारीक धूळ, फडफडणारे पंख आणि चिमट्याने लटकवलेला तापलेला दिवा एवढे साहित्य एका लाकडी खोलीत जमवल्यावर आग लागली तर त्यात अपघात थोडा आणि निष्काळजीपणा जास्त. शिवाय वीज ऐन वादळातच जाते. जानेवारी १९९८ मध्ये क्यूबेकमध्ये गोठणाऱ्या पावसाने विजेचे मनोरे कोसळले तेव्हा लाखो घरे अंधारात होती आणि काही भागांत वीज यायला कित्येक आठवडे लागले. दिव्याच्या उबेला सरावलेला पक्षी एकाएकी थंडीत सापडणे हे सुरुवातीपासून गार खुराड्यात राहिलेल्या पक्ष्याच्या स्थितीहून वाईट. कोंबड्यांसाठी विणलेल्या लोकरी स्वेटरांची हौसही याच मासल्याची: स्वेटर पिसे दाबतो, ती फुलू देत नाही आणि भिजला की ओल अंगाशी धरतो.

पाण्याची हेळसांड मात्र चालत नाही. पाणी तुटले की कोंबडी खाणे कमी करते आणि खाणे हेच तिचे इंधन आहे. तळाशी मंद तापणारे भांडे वापरावे किंवा काळ्या रबरी घमेल्यांत दिवसातून दोन-तीनदा कोमट पाणी घालावे. गोठलेले रबरी घमेले आपटले की बर्फाची चकती सुटून येते, प्लास्टिकचे तडकते. रोजच्या सव्वाशे ग्रॅमच्या आसपासच्या खाद्यात थंडीत वाढ करावी लागते आणि संध्याकाळी मूठभर मका दिला तर रात्रभर पचन चालू राहून ऊब मिळते. जमीन बर्फाखाली गेल्यावर कोंबडीला खडे टिपता येत नाहीत, म्हणून पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या स्नायूंच्या पिशवीत, लागणारी बारीक खडी वेगळी ठेवावी.

अंडी कमी होतात त्याचा दोष थंडीपेक्षा उजेडाकडे जास्त जातो. भरपूर अंड्यांसाठी दिवसाला १४ ते १६ तासांचा उजेड लागतो आणि मॉन्ट्रियलला डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस पावणेनऊ तासांचाही नसतो. पुण्यात त्याच दिवशी तो अकरा तासांच्या आसपास असतो. ज्यांना अंडी हवीच आहेत ते टायमरवर साधा छोटा दिवा लावतात. तो पहाटे लागावा. संध्याकाळी एकदम विझला तर पक्षी अंधारात दांडा न सापडून जमिनीवरच अडकतात. पिसे गळून नवी येण्याच्या काळात पक्ष्याला अंडी घालण्यापासून विश्रांती मिळू देणे अधिक शहाणपणाचे वाटते. जी अंडी येतात ती दिवसातून दोनदा तरी उचलावी लागतात, नाहीतर आतला द्रव गोठून फुगतो आणि कवच उभे तडकते.

जानेवारीपेक्षा मार्च अधिक कटकटीचा. दिवसा बर्फ वितळते, रात्री पुन्हा गोठते, अंगण चिखलाने भरते आणि चार महिने थंडीने मंदावलेली गादी एकदम कुजू लागून अमोनिया सोडते. गादी तेव्हाच काढावी, तळाचा थोडा थर नव्या भुशाला विरजण म्हणून ठेवावा आणि बाकीचा ढीग भाज्यांच्या वाफ्यांपासून दूर काही महिने कुजू द्यावा, कारण ताज्या कोंबडीखतातला नत्र कोवळी रोपे जाळतो आणि त्यातले साल्मोनेलासारखे जिवाणू पालेभाजीवर येऊ शकतात.