वजनकाट्यापेक्षा मोजपट्टी बरी

मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराचे नाव काढताच आपल्या डोळ्यांपुढे डायलिसिसचे यंत्र उभे राहते. वस्तुतः या विकाराचे बहुसंख्य रुग्ण त्या यंत्रापर्यंत पोहोचतच नाहीत; त्यांतील कित्येकांना तत्पूर्वीच हृदयविकार गाठतो. मूत्रपिंड अधू झाले की रक्तदाब चढतो, अंगात पाणी व मीठ साठते, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचते आणि या साऱ्याचा भार अखेर हृदयावर पडतो.

या धोक्याचा अदमास आपण वजनावरून बांधतो व तेथेच फसतो. मूत्रपिंडाच्या रुग्णाचे वजन सुजेमुळे वाढते आणि स्नायू झिजल्यामुळे घटते. पाणी, मांस आणि चरबी यांचा निवाडा काट्यावर होत नाही. इटलीतील ५३७ डायलिसिस रुग्णांच्या पाहणीचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. वजन व उंचीचे प्रमाण सारखे धरून पाहता, कमरेचा घेर जितका मोठा तितके हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक, असे तीत आढळले. आतड्यांभोवती साचलेली चरबी म्हणजे निव्वळ साठा नव्हे. तिच्यातून स्रवणारी द्रव्ये रक्तवाहिन्यांचा दाह वाढवितात आणि इन्सुलिनचे कार्य मंदावतात.

सडपातळ माणसानेही निश्चिंत राहू नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना मांडली होती. वजन व उंचीचे प्रमाण दोघांचेही २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! काट्याला जे दिसले नाही ते हेच.

चक्राकार बारवेमुळे सर्वदूर नाव झालेल्या परभणी जिल्ह्यातील वालूरसारख्या गावी याचा अर्थ काय? राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा २०१६ साली झाली. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतूनही हे उपचार मिळतात. ही सोय आवश्यकच आहे. तथापि आठवड्यातून दोन-तीनदा गाव सोडून उपचारास जाणाऱ्या शेतमजुराची बुडणारी मजुरी कोणतीही योजना भरून देत नाही. यंत्र ही अखेरची पायरी होय; पहिली पायरी गावातच आहे.

तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी आशा कार्यकर्ती जे तपासणीपत्रक भरतात, त्यात कमरेच्या घेराचा रकाना आहे. स्त्रियांचा घेर ८० आणि पुरुषांचा ९० सेंटिमीटरांपुढे गेला की धोक्याचे गुण चढू लागतात. मात्र हा आकडा पत्रकातच पडून राहता कामा नये. घेर मर्यादेपुढे असून मधुमेह वा रक्तदाबही आहे, अशा प्रत्येकाच्या लघवीतील अल्ब्युमिन व रक्तातील क्रिएटिनिन यांची तपासणी दरवर्षी झाली पाहिजे. आरंभी हा रोग दुखत नाही. म्हणूनच तो शोधावा लागतो.

अर्थात घेर कमी करावयाचा म्हणून रुग्णाने उपाशी राहणे घातक ठरेल. त्याने स्नायूही झिजावयाचे. आहार व व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावा. पोटात वा अंगात पाणी भरले असेल, तर मोजपट्टीही चकविते, हेही ध्यानी घ्यावे.

खुर्चीवर बसून दिवस काढणाऱ्या शिक्षक-कारकुनांनाही हे सारे लागू आहे. मोजपट्टीला वीज लागत नाही, खर्च जवळजवळ नाही. तिने दिलेल्या इशाऱ्याची दखल घेणारी व्यवस्था उभी करणे, एवढेच शासनाच्या हाती उरते. आणि ते त्याने टाळू नये.