गॅस संपत नाही, तो गळतो

चैत्र लागला की आमच्या इंदुरातील मराठी घरांत दोन कामे ठरलेली असतात: एक, नवा माठ आणणे, आणि दुसरे, मोटारीत ‘गॅस भरून घेणे’. पहिले काम दरवर्षी करावे लागते, यात शंका नाही. दुसरे मात्र दरवर्षी करावे लागत असेल, तर कोठे तरी चुकते आहे, हे उमजायला आम्हांला तीन उन्हाळे आणि बरेच पैसे खर्ची घालावे लागले.

पहिल्या उन्हाळ्यात गाडीतील गारवा गेला, तेव्हा मेकॅनिकने विचारले होते, “साहेब, गळती शोधू का? गाडी दिवसभर ठेवावी लागेल.” आम्ही घाईत होतो. “नुसता गॅस भरा,” असे आम्हीच सांगितले. त्याने नळीचे तोंड सैल करून उरलासुरला वायू फुस्सकन हवेत सोडला. हाताखालच्या पोराने उघड्या हाताने नळी धरली होती; त्याची बोटे क्षणात पांढरी पडली. ते पाहूनही आम्ही पैसे चुकते करून निघून गेलो. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी ओंकारेश्वराहून परतताना भेरूघाटात यंत्रातून ऊन वारा येऊ लागला आणि मागे बसलेल्या आमच्या ऐंशी वर्षांच्या आत्याबाईंना भोवळ आली. गाडी झाडाखाली उभी करून डोक्यावर ओला पंचा ठेवला, घोटघोट पाणी पाजले, तेव्हा त्या सावरल्या. सावरल्यावर पहिले वाक्य काय बोलल्या, तर “अरे, काचा तरी आधी उघडायच्यास!” गारवा आज येईल, मग येईल, या आशेवर आम्ही काचा बंद ठेवल्या होत्या.

त्या दिवसानंतर आम्ही हा विषय नीट समजून घेतला.

आपण ज्याला गॅस म्हणतो, तो शीतक पदार्थ पेट्रोलसारखा जळून खर्च होत नाही. बंद नळ्यांतून तो फिरत राहतो. डॅशबोर्डामागील कॉइलमध्ये त्याची वाफ होताना तो उष्णता शोषतो आणि रेडिएटरपुढील कंडेन्सरमध्ये पुन्हा द्रव होताना ती बाहेर टाकतो. रबरी नळ्यांतून व सांध्यांतून वर्षानुवर्षांत किंचित वायू झिरपतो, हे खरे. पण एकाच वर्षात गारवा गेला, तर ती गळतीच. कंडेन्सरला खडा लागणे, सांध्यातील रबरी कडी कडक होणे, कॉम्प्रेसरच्या दांड्याचे सील झिजणे, गॅस भरण्याच्या तोंडातील लहानशी झडप सैल होणे, ही तिची नेहमीची ठिकाणे होत. गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकते ती मात्र गळती नव्हे. ते हवेतील बाष्पाचे पाणी. खरी खूण तेलकट डागाची, कारण वायूबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही बाहेर येते. वायू कमी झाला की उरलेले तेलही नीट फिरत नाही, आणि शेवटी कॉम्प्रेसरच जायबंदी होतो.

दुसऱ्या एका कारागिराकडे आम्ही गाडी दोन दिवस ठेवली. त्याने आधी उरलेला वायू यंत्राने ओढून टाकीत साठवला. हवेत सोडला नाही. मग कोरडा नायट्रोजन दाबाने भरून सांध्यासांध्यावर साबणाचा फेस लावला. कंडेन्सरच्या एका कोपऱ्यात बुडबुडे उठले. तीन वर्षे ज्यासाठी पैसे मोजले, ते छिद्र टाचणीच्या टोकाएवढे होते! अशा चाचणीसाठी ऑक्सिजन कधीही वापरू नये, स्फोट होतो. साधी दाबाची हवाही नको. कंडेन्सर, रबरी कड्या आणि ओल शोषणारा ड्रायर बदलल्यावर त्याने व्हॅक्यूम पंप तासभर चालवला, कारण आत राहिलेली ओल कोठे बर्फ होऊन वाट अडवते, तर कोठे तेलाशी मिळून आम्ल बनते. अखेर बॉनेटखालील पट्टीवर लिहिले होते तेवढे ग्रॅम वजन करून वायू भरला. नुसत्या काट्यावर अंदाज बांधला नाही.

हा काटेकोरपणा कोणासाठी? आधी त्या हाताखालच्या पोरासाठी. आर-१३४ए हा वायू उघड्या हवेत उणे २६ अंशांना उकळतो. कातडीवर पडला तर हिमदाह होतो, डोळ्यांत गेला तर दृष्टीला धोका. हवेहून जड असल्याने तो बंद खोलीत खाली साचून श्वास कोंडवतो, आणि ज्वाळेशी आला तर विषारी वायू बनतात. म्हणून हातमोजे, चष्मा, मोकळी जागा, आणि जवळ विडी नाही.

मग आपल्या सर्वांसाठी. जुन्या गाड्यांतील आर-१२ वायू ओझोनचा थर झिजवतो, हे मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवले. १९८७ साली माँट्रियलचा करार झाला आणि तो वायू हळूहळू हद्दपार झाला. त्याच्या जागी आलेला १३४ए ओझोनला अपाय करीत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे चौदाशे पट प्रभावी आहे. अर्धा किलो सोडून देणे म्हणजे तीनशे लिटर पेट्रोल जाळण्यासारखे. आमच्या लहान गाडीच्या हिशेबाने इंदूर-मुंबईच्या जवळजवळ चार जाण्यायेण्याच्या खेपा. म्हणूनच २०१६ च्या किगाली दुरुस्तीने अशा वायूंनाही उतरती कळा लावण्याचे ठरले, आणि भारताने २०२१ साली तिला मान्यता दिली.

तेव्हा वाचकहो, या उन्हाळ्यात गाडी नेताना एवढे विचारा: गळती कोठे आहे? जुना वायू साठवणार का? वजन करून भरणार का? गळती बुजवण्याचा डबा किंवा स्वस्त, अनोळखी वायू पुढे केला तर नको म्हणा. स्वयंपाकाच्या गॅसजातीचे ज्वालाग्राही वायू त्यात मिसळलेले असू शकतात.

आत्याबाई आता पुन्हा आमच्याबरोबर ओंकारेश्वरी येतात. बसताना मात्र काचेची मूठ आधी तपासून पाहतात. त्यांचा आमच्यावरचा विश्वास अजून पुरता भरून निघालेला नाही; ती गळती बुजायला वेळ लागेल.